आमच्या बोलण्यातील स्त्री आणि पुरुष

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट आहे. मधल्या सुट्टीत शाळेच्या मैदानावर सातवीतील एक मुलगा चिखलात घसरून पडला. गुडघा चांगलाच फुटला होता आणि तो रडत होता. आम्ही त्याला हात देऊन उठविले आणि सवयीने बोलून गेलो, "अरे, मुलीसारखा रडतोस काय?" जवळच त्याच्या वर्गातील एक मुलगी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिने विचारले, "सर, मुलगी कशी रडते?"

त्या प्रश्नात उद्धटपणा नव्हता, थट्टाही नव्हती. तिला खरोखरीच उत्तर हवे होते. आम्हांला ते देता आले नाही. मुलाच्या जखमेवर औषध लावले, घंटा झाली, वर्ग भरले; परंतु तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. इतकी वर्षे भाषा शिकविणाऱ्या माणसाने आपल्या तोंडून काय जाते याचा कधी विचार करू नये, याची लाज वाटली. त्या लाजेतूनच हा लेख लिहिला आहे. यात विद्यार्थी आणि विद्यार्थिनी या दोघांसाठी थोडे व्याकरण आहे, थोडा इतिहास आहे, आणि शेवटी पालकांस एक विनंती आहे.

प्रथम व्याकरण पाहू. मराठीत लिंगे तीन. मुलगा 'मी येतो' म्हणतो, मुलगी 'मी येते' म्हणते. म्हणजे मराठीत तोंड उघडताच बोलणारा पुरुष आहे की स्त्री, हे बहुधा उघड होते. इंग्रजीत 'आय कम' या वाक्यावरून तसे काही कळत नाही. मात्र आपल्याकडेही हा नियम सर्वत्र सारखा नाही. 'मी भाकरी खाल्ली' या वाक्यात क्रियापद कर्माच्या मागे जाते आणि बोलणाऱ्याचे लिंग झाकले जाते. कोल्हापूरकडे तर मुलीही सहजपणे 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात, आणि त्यावाचून तेथे कोणाचे काही अडत नाही.

आता काही जोड्या पाहा. गाडा आणि गाडी, सुरा आणि सुरी, दोर आणि दोरी, डबा आणि डबी, हंडा आणि हंडी. जे मोठे ते पुल्लिंगी आणि जे लहान ते स्त्रीलिंगी, असा येथे कल दिसतो. विळा आणि विळी ही जोडी तर फारच बोलकी आहे: विळा शेतात चालतो, विळी स्वयंपाकघरात. हे वाचून एखादी विद्यार्थिनी म्हणेल, "म्हणजे भाषेनेच आम्हांला लहान ठरविले!" परंतु घाई करू नये. ओढा पुल्लिंगी आहे आणि त्याहून मोठी नदी स्त्रीलिंगी आहे. बुद्धी, शक्ती, विद्या आणि सत्ता हे सारे शब्द स्त्रीलिंगीच आहेत. पुरुषाच्या तोंडावरची दाढी आणि मिशी स्त्रीलिंगी, तर स्त्रीचा पदर आणि चुडा पुल्लिंगी! संस्कृतात पत्नीसाठी जे शब्द आहेत, त्यांत 'भार्या' स्त्रीलिंगी, 'कलत्र' नपुंसकलिंगी आणि 'दार' चक्क पुल्लिंगी. शब्दाचे लिंग आणि माणसाचे स्त्रीपण किंवा पुरुषपण या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

म्हणूनच सगळा दोष व्याकरणाच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. फारसी भाषेत 'तो' आणि 'ती' यांसाठी एकच सर्वनाम आहे. तुर्कीत तसेच आहे आणि बंगालीतही तसेच आहे. तरी या भाषा बोलणाऱ्या समाजांत स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीचे स्थान आपोआप मिळाले, असे इतिहास सांगत नाही. तेव्हा दोष शोधायचा तो प्रत्ययांत कमी आणि आपल्या वापरात अधिक शोधावा.

वापराचे एक उदाहरण घेऊ. मराठीत पुल्लिंगी नामास 'ईण' हा प्रत्यय लावून स्त्रीलिंगी रूप होते: पाटील–पाटलीण, सुतार–सुतारीण, मास्तर–मास्तरीण. सुतार म्हणजे लाकूडकाम करणारा. पण सुतारीण म्हणजे लाकूडकाम करणारी नव्हे, तर सुताराची बायको. पाटलीणबाईंनी स्वतः पाटीलकी केली, असा अर्थ त्या शब्दातून निघत नाही. पुरुषाचे नाव त्याच्या कामावरून पडले आणि स्त्रीचे नाव तिच्या नवऱ्यावरून पडले. उलट लेखिका, शिक्षिका, गायिका या शब्दांत मात्र ती स्त्री स्वतः काम करते. 'मास्तरीण' हा शब्द तर आमच्या डोळ्यांदेखत बदलला. पूर्वी तो मास्तरांच्या कुटुंबास लावीत, पुढे बायका स्वतः शाळांतून शिकवू लागल्या आणि तोच शब्द त्यांना लागला. यावरून दोन गोष्टी दिसतात. समाज बदलला की शब्दाचा अर्थ बदलतो. आणि जोवर शब्द जुना अर्थ धरून बसलेला असतो, तोवर तो नव्या पिढीच्या कानांत जुनीच गोष्ट सांगत राहतो.

आमच्या मराठवाड्यातील शेतीकडे पाहा. कापसाची वेचणी, निंदणी, खुरपणी ही कामे मुख्यत्वे बायकांच्या हातांनी होतात. तरी 'शेतकरी' हा शब्द ऐकताच तुमच्या डोळ्यांपुढे कोण उभा राहतो? डोक्याला पटका बांधलेला पुरुष. पैठणी आणि हिमरू यांसाठी आपला जिल्हा प्रसिद्ध आहे. मागावर बसणारा तो विणकर. परंतु कांड्या भरून देणाऱ्या घरातील बाईस आपण कोणते नाव देतो? नाव नाही म्हणून काम दिसत नाही, आणि काम दिसत नाही म्हणून त्याची किंमतही होत नाही.

यंदा आम्ही आमच्या वर्गात सर्वांस एका कागदावर वडिलांचे काम आणि आईचे काम लिहावयास सांगितले होते. वडिलांच्या नावापुढे नोकरी, दुकान, रिक्षा, शेती असे काही ना काही होते. आईच्या नावापुढे कित्येकांनी लिहिले होते, 'काही करत नाही, घरीच असते.' ही मुले सकाळचा डबा कोणाच्या हातचा आणतात? भारत सरकारने 2019 साली लोकांच्या वेळेची जी पाहणी केली, तीत असे आढळले की, घरातील बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसाकाठी सरासरी 299 मिनिटे वेळ त्यात जातो, आणि असे काम करणाऱ्या पुरुषांचा 97 मिनिटे. जवळजवळ पाच तासांच्या कष्टाला 'काही नाही' हे नाव आपल्या भाषेने दिले आहे! मुलांनी खोटे लिहिले नव्हते. घरीदारी जे ऐकले, तेच त्यांनी लिहिले.

आता थोडे इतिहासाकडे वळू. त्यासाठी दूर जावयास नको. पैठणपर्यंत गेले तरी पुरे. गोदाकाठचे हे प्रतिष्ठान नगर सातवाहन राजांची राजधानी होते. त्या काळी येथे जी महाराष्ट्री प्राकृत बोलली जाई, तिच्यातील सुमारे सातशे गाथांचा संग्रह हाल राजाच्या नावावर आहे. त्यातील पुष्कळ गाथा स्त्रियांच्या मुखी घातलेल्या आहेत. पुढे संस्कृत नाटकांत असा संकेत रूढ झाला की, राजा, मंत्री आणि विद्वान ब्राह्मण यांनी संस्कृतात बोलावे. राणी, सख्या आणि दासी यांनी गद्यात शौरसेनी प्राकृत बोलावी, आणि स्त्रियांनी गावयाचे झाल्यास महाराष्ट्रीत गावे. 'शाकुंतला'त दुष्यंत संस्कृत बोलतो आणि शकुंतला प्राकृत. दोघे एकमेकांवर प्रेम करतात, तरी त्यांची भाषा एक नाही! याला अपवाद आहेत. भवभूतीच्या 'मालतीमाधवा'तील कामंदकी ही बौद्ध परिव्राजिका संस्कृत बोलते. पण ती संसार सोडलेली, विद्वान स्त्री आहे. म्हणजे विद्येची भाषा पुरुषाची आणि घराची भाषा स्त्रीची, ही वाटणी रंगभूमीवर शतकानुशतके दाखविली गेली आणि प्रेक्षकांस ती स्वाभाविक वाटू लागली.

या वाटणीला पहिला मोठा धक्का आमच्याच भागातील महानुभाव पंथाने दिला. तेराव्या शतकात श्रीचक्रधरांचे पैठणास वास्तव्य होते आणि त्यांच्या शिष्यपरिवारात पुष्कळ स्त्रिया होत्या. महदाइसा ही त्यांपैकीच. तिने रचलेल्या धवळ्यांमुळे तिला मराठीची आद्य कवयित्री म्हणतात. चक्रधरांच्या मागून पंथाची धुरा नागदेवाचार्यांकडे आली. केशोबास नावाच्या पंडित शिष्याने संस्कृतात ग्रंथरचना चालविली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यास आवरले, अशी कथा पंथाच्या 'स्मृतिस्थळ' या ग्रंथात आहे. संस्कृतात लिहिलेस तर आपल्या पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानास मुकतील, असे त्यांचे म्हणणे होते. आपण कोणत्या भाषेत लिहितो यावर कोण आत येणार आणि कोण बाहेर राहणार हे ठरते, ही गोष्ट त्यांनी सातशे वर्षांपूर्वी ओळखली होती.

पैठणच्या राजांकडून शिकण्यासारखे आणखी एक आहे. गौतमीपुत्र सातकर्णी, वासिष्ठीपुत्र पुळुमावी ही नावे तुम्ही इतिहासाच्या पुस्तकात वाचली आहेत. ही नावे आईवरून आलेली आहेत. नाशिकच्या लेण्यात गौतमी बलश्री या राजमातेचा प्राकृत शिलालेख आजही वाचता येतो. मधल्या काळात आईचे नाव कागदांवरून नाहीसे झाले आणि माणसाची ओळख बापाच्या नावाने व आडनावाने होऊ लागली. महाराष्ट्र शासनाने 2024 साली ठरविले की, 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या सरकारी कागदपत्रांत त्याच्या नावापाठोपाठ आईचे नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी आडनाव लिहावे. ज्यांना हे नवे खूळ वाटते, त्यांनी एकदा पैठणचा इतिहास वाचावा.

आता नावामागे लागणाऱ्या उपाधींचा विचार करू. लग्नपत्रिकेत वर हा नुसता 'चि.' असतो, वधू मात्र 'चि. सौ. कां.', म्हणजे सौभाग्याची आकांक्षा धरणारी असते. लग्न झाले की ती 'सौ.' होते. नवरा वारला की पूर्वी तिच्या नावामागे 'गं. भा.', म्हणजे गंगाभागीरथी लिहीत. पुरुष मात्र लग्नापूर्वी 'श्री.', लग्नानंतर 'श्री.' आणि बायको गेल्यावरही 'श्री.'च! पत्रावरची दोन अक्षरे वाचून टपालवाल्यालासुद्धा बाईचा नवरा जिवंत आहे की नाही हे कळावे, आणि पुरुषाविषयी मात्र काहीच कळू नये, हे कशासाठी? 'विधुर' हा शब्द कोशात आहे, पण तो कोणाच्या नावामागे लावलेला आम्ही पाहिला नाही. 'सवाष्ण' आणि 'वांझ' या शब्दांना तर रोजच्या बोलण्यात पुल्लिंगी जोडच नाही.

हे केवळ अक्षरांचे भांडण नव्हे. ज्या बाईस शब्दाने अशुभ ठरविले, तिला हळदीकुंकवास कोणी बोलावीत नाही आणि पोटच्या मुलीच्या लग्नातही ती मागे उभी राहते. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची व मंगळसूत्र काढण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनीही त्याचे अनुकरण करावे असे कळविले. पुढील वर्षी 'गं. भा.' ही उपाधी पुन्हा रूढ करावी, अशी सूचना राज्यातच पुढे आली, तेव्हा तिच्यावर मोठी टीका झाली. मान देण्याच्या हेतूने का होईना, स्त्रीची ओळख पुन्हा नवऱ्याच्या मरणाशी बांधली जाते, हे लोकांच्या ध्यानात आले होते.

घरातील संबोधनेही पाहा. पत्नी पतीस 'अहो' म्हणते, पती पत्नीस 'अगं' म्हणतो. नवऱ्याचे नाव घेणे पूर्वी इतके निषिद्ध होते की, ते घेण्यासाठी उखाणा रचावा लागे. उखाणे गोड असतात आणि ते आम्हांलाही आवडतात. परंतु ज्याच्याबरोबर जन्म काढायचा त्याचे नाव घ्यावयास यमक शोधावे लागावे, यात काय सांगितले आहे, याचाही विचार व्हावा. लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे' लिहिताना आपल्या पतीचा उल्लेख सरळ 'टिळक' असा केला. त्या पुस्तकात प्रेम आहे, आदर आहे, राग आहे आणि विनोदही आहे. नाव घेतल्याने यांतले काहीच कमी झाले नाही.

या विषयावर मराठीत सर्वांआधी सडेतोड लिहिणारी बाई आमच्या शेजारच्या वऱ्हाडातील बुलढाण्याची. तिचे नाव ताराबाई शिंदे. 1881 साली सुरतेस विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेस आपल्या अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली. ती पुढे कमी करण्यात आली. परंतु त्या निमित्ताने वर्तमानपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर शिंतोडे उडविले गेले. ताराबाईंनी 1882 साली 'स्त्रीपुरुषतुलना' हे लहानसे पुस्तक छापून त्यास उत्तर दिले. त्यांची पद्धत सोपी होती. कपट, चंचलपणा, अविचार, असे जे जे दोष स्त्रियांच्या नावावर मांडले जात, ते एकेक घेऊन, हाच दोष पुरुषांत नाही काय, असे त्यांनी विचारले. पत्नीने पतीस देव मानावे असे म्हणता, तर पतीचे वागणेही देवाला शोभेल असे नको काय, असा त्यांचा सवाल होता. जोतीराव फुल्यांनी या पुस्तकाची बाजू घेतली. इतरांनी मात्र ते विस्मृतीत टाकले. 1975 साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे महाराष्ट्रास ते नीट वाचावयास मिळाले.

ताराबाईंची ही कसोटी विद्यार्थ्यांनी शिकून घ्यावी. कोणतेही वाक्य ऐकले की स्त्रीच्या जागी पुरुष आणि पुरुषाच्या जागी स्त्री घालून पाहावी. 'आम्ही मुलगी दिली' असे आपण म्हणतो. 'आम्ही मुलगा दिला' असे म्हणून पाहा. 'मुलगी पाहायला गेलो', 'मुलगी खपली', 'हातात बांगड्या भरल्या आहेत काय', ही सारी वाक्ये उलटी करून पाहा. जेथे उलटे वाक्य हास्यास्पद वाटेल, तेथे सरळ वाक्यातही काही तरी वाकडे आहे असे समजावे. भारताच्या सर्वोच्च न्यायालयानेही 16 ऑगस्ट 2023 रोजी न्यायाधीश व वकील यांच्यासाठी अशीच एक पुस्तिका काढली. 'आज्ञाधारक पत्नी' असे न लिहिता नुसते 'पत्नी' लिहावे, अशा सूचना तीत आहेत. एका विशेषणाने न्यायाचा काटा कलू शकतो, हे न्यायालयास पटले. मग ते शाळेस आणि घरास का पटू नये?

या भाषेने मुलांचेही नुकसान होते, हे विसरू नये. ज्या मुलास लहानपणापासून 'रडू नकोस, तू पुरुष आहेस' असे सांगितले, तो मोठेपणी आपले दुःख कोणाजवळ बोलणार? रडणे हे दुखण्याचे लक्षण आहे. त्यास लिंग नाही. त्या दिवशी आम्ही मैदानावर एका वाक्यात दोघांचा अपमान केला. मुलास सांगितले की तुझे दुखणे लाजिरवाणे आहे, आणि मुलीस सांगितले की लाजिरवाणे काय असते ते तुझ्याकडे पाहून कळते.

आता पालकांस विनंती. काही वर्षांपूर्वी एक गृहस्थ आपल्या मुलीचा दहावीनंतरचा दाखला नेण्यास आले होते. मुलगी हुशार होती. पुढे कोठे घालणार, असे विचारता ते म्हणाले, "सर, मुलगी म्हणजे परक्याचे धन. जास्त शिकवून काय करायचे?" गृहस्थ वाईट नव्हते. मुलीवर त्यांचा जीव होता. ते जे बोलले ते त्यांचे विचार नव्हतेच. त्यांच्या वाडवडिलांनी हातात ठेवलेली ती एक म्हण होती आणि तिच्यामुळे त्यांना विचार करण्याची गरजच उरली नव्हती. आम्ही त्यांना इतकेच म्हणालो, "ती धन नाही हो, ती माणूस आहे. आणि परकी केव्हा झाली?" त्यांनी उत्तर दिले नाही. जूनमध्ये त्या मुलीने अकरावीस नाव घातल्याचे कळले. ते आमच्या बोलण्याने झाले की मुलीच्या हट्टाने, हे आम्हांस ठाऊक नाही. परंतु एक म्हण एका मुलीच्या शाळेच्या दाराशी आडवी उभी होती, हे आम्ही प्रत्यक्ष पाहिले.

म्हणून आमचे मागणे मोठे नाही. घरात आईच्या कामाचा उल्लेख काम म्हणूनच करावा. मुलगा रडला तर त्याला काय दुखते ते विचारावे. लग्नाची बोलणी करताना देण्याघेण्याचे शब्द टाळावेत. आणि विद्यार्थिनींनो, एखादा शब्द तुम्हांला लागला, तर पाण्याचा तांब्या हाती धरून उभ्या असलेल्या त्या मुलीप्रमाणे नम्रपणे, पण स्पष्ट विचारा. मोठ्यांना उत्तर न आले तरी हरकत नाही; ते विचारात पडले तरी पुष्कळ झाले.

आपल्या मराठीत 'मूल' हा एक सुंदर शब्द आहे. तो मुलगाही नाही आणि मुलगीही नाही. घरात जन्म झाला की प्रथम मूल येते. मुलगा की मुलगी हा प्रश्न शेजारी मागाहून विचारतात. आता मैदानावर कोणी पडले तर आम्ही त्या प्रश्नापाशी थांबत नाही. 'फार लागले का, बाळ?' असे विचारतो आणि हात पुढे करतो.